सात माणसं, सामान आणि घाट: जुनी इनोव्हा क्रिस्टा घ्यावी की जुनी हेक्सा?

घरात सातवं माणूस आलं की पाच आसनी गाडीचे दिवस भरतात. आई-वडील, नवरा-बायको, दोन मुलं आणि सुट्टीला हमखास येणारी आत्या, एवढ्यांना गावी न्यायचं तर दोन गाड्या काढा, नाहीतर कुणाला तरी एसटीचं तिकीट काढून द्या. नवी मोठी डिझेल गाडी बऱ्याच घरांच्या आवाक्याबाहेर असते. मग जुन्या बाजारात शोध सुरू होतो आणि दोन नावं पुन्हापुन्हा समोर येतात: टोयोटा इनोव्हा क्रिस्टा आणि टाटा हेक्सा.

या दोघींची तुलना करायला जागा आहे, कारण बांधणी एकाच घराण्याची आहे. दोन्ही लॅडर फ्रेमच्या, म्हणजे शिडीसारख्या लोखंडी सांगाड्याच्या चासीवर उभ्या, दोन्हींची ताकद मागच्या चाकांना, दोन्ही डिझेल, दोन्हींत तीन रांगा. तरीही सारख्या वर्षाची, सारखी चाललेली क्रिस्टा हेक्सापेक्षा पाच-सहा लाखांनी महाग असलेली सहज दिसते. हा फरक देण्यासारखा आहे का, हा खरा प्रश्न आहे.

माझं मत आधीच सांगतो. तिसऱ्या रांगेत नेहमी माणसं बसणार असतील आणि त्यांच्यासोबत त्यांचं सामानही जाणार असेल, तर जास्तीचे पैसे द्या आणि क्रिस्टाच घ्या. बहुतेक वेळा चार-पाचच जण असतात, प्रवास लांबचा, रस्ते खराब आणि गाडीची मनापासून काळजी घेणारं कुणीतरी घरात आहे, तर हेक्सा घ्या. मात्र वाचलेल्या पैशातले दीड-दोन लाख दुरुस्तीसाठी वेगळे ठेवूनच. या मतापर्यंत मी कसा आलो आणि तुमच्या घरासाठी ते तपासून कसं पाहायचं, ते आता क्रमाने सांगतो.

आधी वर्ष आणि मॉडेल पक्कं करा

क्रिस्टा मे २०१६ मध्ये आपल्याकडे आली. डिझेलमध्ये दोन इंजिनं होती. २.४ लिटरचं १५० पीएस (ताकद) आणि ३४३ एनएमचं (ओढण्याचा जोर), पाच गिअरच्या मॅन्युअलसोबत; आणि २.८ लिटरचं १७४ पीएस आणि ३६० एनएमचं, सहा गिअरच्या ऑटोमॅटिकसोबत. बीएस-६, म्हणजे धुराच्या प्रदूषणाचा नवा कडक नियम आला आणि २.८ बंद झालं. पेट्रोलची २.७ लिटरची क्रिस्टाही मिळते. ती गुळगुळीत चालते, पण पेट्रोल इतकं पिते की वर्षाला फार कमी चालवणाऱ्यांनीच तिचा विचार करावा.

हेक्सा जानेवारी २०१७ ला आली आणि एप्रिल २०२० ला बीएस-६ लागू झालं तेव्हा थांबली. म्हणजे तिचं सगळं आयुष्य तीन-सव्वातीन वर्षांचं, आणि बाजारात दिसणारी प्रत्येक हेक्सा आधीच्या नियमाची, बीएस-४ आहे. इंजिन २.२ लिटरचं व्हॅरिकॉर. सगळ्यात खालच्या एक्सई मॉडेलमध्ये ते १५० पीएस आणि ३२० एनएमचं होतं, पाच गिअरचं. वरच्या मॉडेल्समध्ये १५६ पीएस आणि ४०० एनएम, सहा गिअरचं, मॅन्युअल किंवा ऑटोमॅटिक. चारही चाकांना ताकद देणारी ४x४ हेक्सा फक्त मॅन्युअलमध्ये आणि फक्त वरच्या एक्सटी मॉडेलमध्ये मिळते. एक्सई बघायला जाऊच नका. पैसे थोडे वाचतात, पण हेक्सा घेण्यासारखं जे काही आहे ते ४०० एनएमच्या इंजिनात आहे.

तुलना बरोबरीची व्हावी म्हणून २०१७ ते २०१९ या वर्षांतल्याच गाड्या समोरासमोर ठेवा. बीएस-६ क्रिस्टाच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा डीपीएफ आहे. रोज दोन-चार किलोमीटर फिरून गाडी पुन्हा पार्किंगला लागत असेल, तर तो चोंदतो. ज्यांची गाडी आठवडाभर शहरातच छोट्या फेऱ्या मारते त्यांना बीएस-४ बरी पडते.

एअरबॅगसाठीही मॉडेल बघा. क्रिस्टाच्या खालच्या मॉडेल्समध्ये तीन, वरच्या झेडएक्समध्ये सात. हेक्साच्या खालच्या मॉडेल्समध्ये दोन, एक्सटीमध्ये सहा. कुटुंबासाठी गाडी घेताना पन्नास-साठ हजार वाचवायला एअरबॅग सोडू नयेत, असं मला कळकळीने वाटतं.

घरातली मापं घेऊन बाहेर पडा

डीलरकडे जाण्याआधी टेप घेऊन आपल्या पार्किंगला जा. क्रिस्टा ४,७३५ मिलिमीटर लांब आणि १,८३० रुंद आहे. हेक्सा ४,७८८ लांब आणि १,९०० रुंद, तेही आरसे न धरता. कागदावर सात सेंटिमीटरचा फरक काहीच वाटत नाही. सोसायटीच्या दोन खांबांमध्ये गाडी घालून दार उघडायची वेळ आली की आजीला उतरता येतं की नाही, हे त्याच सात सेंटिमीटरवर ठरतं.

पुण्या-मुंबईच्या नव्या इमारतींतल्या यांत्रिक पार्किंगमध्ये गाडी उभी करत असाल, तर तिथल्या पाटीवर लिहिलेली वजनाची आणि उंचीची मर्यादा वाचा. हेक्साचं वजन सव्वादोन टनांच्या आसपास आहे. क्रिस्टा तिच्यापेक्षा तीन-चारशे किलोने हलकी. मर्यादा दोन टनांची असेल तर हेक्साचा विषय तिथेच संपला.

आता घरातल्या माणसांचा हिशोब. रोज किती जण बसतात हे विचारून फारसा उपयोग नाही. वर्षातला सगळ्यात गर्दीचा प्रवास आठवा: गणपतीला गावी जाणं, मे महिन्यात आंबे घेऊन परतणं, लग्नाला अख्खं घर निघणं. त्या दिवशी किती माणसं, त्यांची वयं काय, गुडघे कुणाचे दुखतात, गाडी कुणाला लागते आणि बॅगा किती, हे कागदावर लिहा. पुढची सगळी पारख याच कागदावर करायची आहे.

तिसरी रांग: इथे वेळ घालवा

गाडी बघायला एकट्याने जायचं आणि स्टिअरिंगवर बसून खूश होऊन परत यायचं, ही आपली जुनी सवय. मोठी गाडी घेताना घरातलं सगळ्यात उंच माणूस आणि सगळ्यात वयस्कर माणूस सोबत न्या. उंच माणसाला तिसऱ्या रांगेत बसवा, त्याच्या पुढे दुसऱ्या रांगेत पूर्ण माणूस बसवा आणि अर्धा तास गाडी फिरवा. पाच मिनिटं बसून काही कळत नाही. मांड्यांना आधार नसेल, गुडघे छातीशी येत असतील, तर ते वीस मिनिटांनंतर बोलायला लागतात.

हेक्साचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २,८५० मिलिमीटर, क्रिस्टाचा २,७५०. हेक्साची तिसरी रांग म्हणूनच बरीच ऐसपैस आहे आणि तिथे मोठी माणसंही नीट बसतात. दोन्हींत मागच्यांसाठी एसीची सोय आहे. क्रिस्टात हवा छतातून येते, त्यामुळे झोत सरळ तोंडावर मिळतो. मागची हवा गार येते का हे भर उन्हात, गाडी उभी असताना तपासा. जुन्या गाडीत पुढे बर्फासारखं गार आणि मागे नुसता पंख्याचा वारा, हा प्रकार अनेकदा आढळतो.

मागे जाण्याची वाट हा खरा मुद्दा आहे. क्रिस्टात मधली सीट एका झटक्यात पुढे उलटते आणि मागे जायला बऱ्यापैकी मोकळी जागा होते. हेक्साच्या सहा आसनी गाडीत दोन स्वतंत्र खुर्च्यांमधून वाट आहे. मुलं तिथून उड्या मारत जातात. साडी नेसलेल्या सासूबाईंना तिथून वाकून जाणं अवघड पडतं. शिवाय हेक्साची जमीन उंच आहे. फूटबोर्ड असला तरी आत पाय टाकताना वयस्कर माणूस वरचं हँडल शोधतो. आईला दोनदा चढवा-उतरवा. त्या काय म्हणतात त्यापेक्षा त्यांचा हात कुठे जातो याकडे लक्ष द्या.

आता डिकी. इथे दोन गाड्यांमध्ये सर्वात मोठी तफावत आहे आणि विक्रेता ती कधीच स्वतःहून दाखवत नाही. सगळ्या सीटा उभ्या असताना क्रिस्टाच्या मागे ३०० लिटर जागा उरते, हेक्साच्या मागे १२८ लिटर. १२८ लिटर म्हणजे केबिनमध्ये नेता येतील अशा दोन-तीन छोट्या बॅगा, उभ्या करून, आणि दार लावताना एक हात आत धरून. सात माणसांचं चार दिवसांचं सामान त्यात बसत नाही. वर कॅरिअर लावावं लागतं किंवा बॅगा पायाशी येतात, आणि मग तिसऱ्या रांगेतल्या त्या ऐसपैस जागेला काही अर्थ उरत नाही. क्रिस्टात दोन मोठ्या बॅगा, पूजेच्या साहित्याची पिशवी आणि पाण्याची कॅन एवढं जातं. घरातल्या खऱ्या बॅगा सोबत नेऊन डिकीत घालून बघा, कुणी हसलं तरी.

माणसं पाचच असतील तर चित्र उलटं होतं. हेक्साची तिसरी रांग खाली दुमडून सपाट जमीन तयार होते, आणि तिच्यावर आंब्याच्या पेट्या, सायकल, तांदळाचं पोतं काहीही सरकवता येतं. क्रिस्टाच्या तिसऱ्या रांगेतल्या सीटा बाजूला उलटून खिडक्यांना टेकून उभ्या राहतात. जागा भरपूर मिळते, पण दोन्ही बाजूंनी अडते आणि मागच्या कोपऱ्यातलं दिसणंही कमी होतं. म्हणूनच मी सुरुवातीला माणसांच्या संख्येवर एवढा जोर दिला.

चालवून बघताना काय शोधायचं

आकड्यांकडे पाहिलं तर हेक्सा दांडगी वाटते: ४०० एनएम विरुद्ध ३४३. पण वजन विसरू नका. सव्वादोन टनांना १५६ पीएस म्हणजे टनाला सत्तरच्या आसपास. क्रिस्टाच्या २.४ ला टनाला ऐंशीच्या आसपास मिळतात, २.८ ला त्याहून जास्त. रस्त्यावर हेच जाणवतं. सिग्नलवरून निघताना आणि दोनपदरी रस्त्यावर ट्रक ओलांडताना क्रिस्टा चपळ आहे. तिचं इंजिन मिनिटाला १,४०० फेऱ्यांपासूनच ओढायला लागतं. फक्त इको मोडवर असेल तर ती आळशी वाटते, आणि डीलरकडच्या गाड्या बऱ्याचदा इकोवरच असतात. पॉवर मोड दाबून पुन्हा चालवा.

हेक्सा १,७०० फेऱ्यांखाली थोडी जड वाटते आणि टर्बो भरला की लाटेसारखी पुढे जाते. तिला घाई आवडत नाही. पण खड्ड्यांच्या रस्त्यावर हेक्सात बसलेली माणसं झोपी जातात, हे तिचं खरं मोठेपण. वजन, लांब व्हीलबेस आणि छान जमवलेलं सस्पेन्शन यामुळे मोठा खड्डासुद्धा दूरचा आवाज होऊन जातो. क्रिस्टा रिकामी असताना मागून उडते. दोनच माणसं असतील तर मागच्या सीटवर धक्के चांगलेच जाणवतात. सात माणसं भरली की तीच क्रिस्टा शांत होते.

म्हणून दोन्ही गाड्या भरून चालवा, आणि जमलं तर घाटात. पुण्यात असाल तर ताम्हिणी, कोल्हापूरकडे आंबोली, साताऱ्याकडे कुंभार्ली. चढावर वळणातून बाहेर पडताना दुसऱ्या गिअरवर गाडी अडखळते का, तिसरा टाकल्यावर मरते का, ते बघा. उतारावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर सोडून इंजिन गाडीला किती धरून ठेवतं ते बघा. ब्रेकचा भरवसा हेक्सात जास्त वाटतो. तिला चारही चाकांना डिस्क आहेत, क्रिस्टाला मागे ड्रम. मात्र जड गाडीच्या डिस्क झिजतातही लवकर. उतारावर ब्रेक दाबताना स्टिअरिंग थरथरलं, तर डिस्क वाकड्या झाल्या आहेत असं धरून चाला.

शहरात दोन्ही जड आहेत. स्टिअरिंग हायड्रॉलिक असल्यामुळे कमी वेगात वळवायला हातात जोर लागतो आणि हेक्साचा क्लच लांब जातो. घरात दोघंही गाडी चालवत असतील तर दोघांनी गर्दीत चालवून बघा. ट्रॅफिकमध्ये रोज तास-दीड तास जात असेल, तर मी सरळ ऑटोमॅटिककडे बोट दाखवीन. क्रिस्टाची २.८ ऑटोमॅटिक या सगळ्या यादीतली चालवायला सगळ्यात सुखाची गाडी आहे.

ॲव्हरेजवर निर्णय घेऊ नका. गाड्यांची अधिकृत चाचणी करणाऱ्या एआरएआयचा आकडा हेक्सासाठी लिटरला १७.६ किलोमीटर होता आणि क्रिस्टा २.४ साठी १५.१. रस्त्यावर हा क्रम साधारण उलटतो. क्रिस्टा बारा-तेरा देते तिथे हेक्सा अकरा-बारावर येते. तरी हिशोब मांडून बघा. वर्षाला १२,००० किलोमीटर चाललात आणि लिटरमागे एका किलोमीटरचा फरक धरला, बाराऐवजी अकरा, तर नव्वदेक लिटर डिझेल जास्त लागतं. वर्षाचे सुमारे आठ हजार रुपये. पाच लाखांच्या फरकापुढे ही रक्कम किरकोळ आहे.

गाडीखाली शिरा

गाडी पसंत पडली की आपला मिस्त्री घेऊन जा, विक्रेत्याचा नको. आदल्या दिवशी फोन करून सांगा की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. गेल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर का सुरू केली ते विचारा. थंड इंजिन पहिल्या सेल्फला लागतं का, निळा धूर येतो का, हे फक्त सकाळीच कळतं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पिकअप घेताना थोडा काळा धूर जुन्या डिझेलला येतो, पण मागची गाडी झाकोळली जात असेल तर इंजेक्टर किंवा टर्बोचं काम निघणार. इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण उघडायला सांगा. तिथून धाप लागल्यासारखा वाफेचा झोत येत असेल तर ती गाडी सोडा.

क्लच तपासायची सोपी रीत: मोकळ्या चढावर तिसऱ्या-चौथ्या गिअरवर हळू वेगात असताना एकदम ॲक्सिलरेटर दाबा. फेऱ्यांचा काटा भसकन वर गेला आणि वेग जागच्या जागी राहिला, तर क्लच घसरतोय. हेक्सात ही तपासणी टाळू नका. वजनदार गाडी आणि लांब क्लच. अर्धा क्लच दाबून चालवणाऱ्याच्या हातात तो लवकर संपतो आणि बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

दोन्ही गाड्या मागच्या चाकांवर चालतात, त्यामुळे मध्ये ताकद मागे नेणारा प्रॉपेलर शाफ्ट आणि मागे चाकं फिरवणाऱ्या गिअरचं हाउसिंग आहे. साठ ते ऐंशीच्या वेगात पाय सोडा आणि कान द्या. मागून घुंऽऽ असा आवाज येत असेल तर हाउसिंगमधले गिअर, म्हणजे क्राउन-पिनियन, बोलतंय. पहिला गिअर टाकून क्लच सोडताना खालून टक् वाजलं तर शाफ्टचा क्रॉस, म्हणजे त्याचा सांधा, गेलाय. क्रॉस स्वस्तात होतो, हाउसिंग नाही.

आता गाडी लिफ्टवर चढवा. लॅडर फ्रेमच्या गाडीत चासी हाच कणा, आणि इथे खोटं लपवता येत नाही. मागच्या चाकाच्या वर आणि मागे चासीच्या लांब पट्ट्या नीट बघा. किनाऱ्यावरच्या गाड्यांत खाऱ्या हवेने तिथे पापुद्रे सुटतात. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोका. घट्ट आवाज आला तर गंज वरवरचा. बद्द आवाज आला आणि पापुद्रा गळून पडला, तर खाली पत्रा पातळ झालाय. नुकताच मारलेला जाड काळा अंडरकोट दिसला तर खूश होऊ नका, त्याखाली काय आहे ते विचारा. चासीवर ठोकलेला नंबर आरसी बुकशी अक्षर न अक्षर जुळवा. नंबराभोवती घासल्याच्या, वेल्डिंगच्या खुणा असतील तर तिथूनच परत फिरा.

पुरात बुडालेल्या गाड्या हा आपल्याकडचा गंभीर प्रकार. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि २०२१ च्या जुलैमध्ये चिपळूणला पाण्याखाली गेलेल्या किती गाड्या धुऊन-पुसून बाजारात आल्या असतील! सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. आतल्या टोकाला मातीची रेघ दिसते. सीटखालच्या रुळांवर गंज, कार्पेटखाली चिखलाचा वास, फ्यूजबॉक्सच्या कोपऱ्यात साचलेली माती बघा. हेक्सात इलेक्ट्रॉनिक्स जास्त, म्हणून तिच्यात पाण्याचा त्रासही जास्त. स्क्रीन, सेन्सर, काचा, एसीचा पंखा, क्रूझ कंट्रोल, प्रत्येक बटण दाबून बघा आणि स्कॅनर लावून जुन्या चुकांची यादी काढा.

टायरवर चार आकडी तारीख असते. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी चांगली असली तरी सहा वर्षांपुढचे टायर समृद्धी महामार्गाच्या तापलेल्या काँक्रीटवर नेऊ नका. हेक्सा एक्सटीला १९ इंची टायर लागतात, ते महाग आणि छोट्या गावात लगेच न मिळणारे. क्रिस्टाच्या बहुतेक मॉडेल्सना लागणारे १६ इंची टायर कुठेही मिळतात.

सुट्या भागांबद्दल हेक्साची भीती घातली जाते, त्यात अर्धं तथ्य आहे. इंजिन आणि खालची बरीच यंत्रणा सफारी स्टॉर्मच्या कुळातली, त्यामुळे ती माहीत असलेले मिस्त्री आणि भाग मिळतात. अडचण आहे ती दिवे, बंपर, काचा आणि आतल्या खास वस्तूंची. मॉडेल बंद होऊन वर्षं झाली आहेत. म्हणून हेक्सा घेताना बाहेरून अभंग, दिवे मूळचे आणि न फुटलेले असलेलीच निवडा.

क्रिस्टा घेताना एक वेगळी शंका

क्रिस्टा ही टॅक्सीवाल्यांची लाडकी गाडी, आणि धोका तिथेच आहे. पिवळ्या नंबरप्लेटवर लाखो किलोमीटर धावलेली गाडी खासगी पासिंग करून, मीटर मागे फिरवून, नवी सीट कव्हरं घालून "एका डॉक्टरांची गाडी" म्हणून उभी केली जाते. परिवहन पोर्टलवर वाहनाचा वर्ग आणि कितवा मालक हे बघा. आरसीवर टॅक्सीचा जुना उल्लेख, अंगावर परावर्तक पट्ट्या काढल्याच्या खुणा, डॅशबोर्डखाली जीपीएसचं उरलेलं वायरिंग आणि वेगनियंत्रक काढल्याच्या खुणा शोधा. कंपनीला भाड्याने लावलेल्या गाड्या पांढऱ्या नंबरप्लेटवरही पळतात, म्हणून पेडलचे रबर, ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड आणि स्टिअरिंगची झीज मीटरच्या आकड्याशी जुळते का ते बघा. साठ हजार किलोमीटरमध्ये पेडलचं रबर गुळगुळीत होत नाही.

सगळ्यात पक्का पुरावा म्हणजे अधिकृत सर्व्हिस सेंटरमधली नोंद. गाडीमालकाला सोबत घेऊन तिथे जा आणि नोंदी काढून घ्या. प्रत्येक वेळचं किलोमीटर तिथे लिहिलेलं असतं. मालक यायला तयार नसेल तर त्याचा अर्थ तुम्हाला कळतोच. उलट, सगळी नोंद असलेली दीड लाख चाललेली क्रिस्टा, नोंद नसलेल्या सत्तर हजारवाल्या क्रिस्टापेक्षा मी कधीही आधी घेईन. ही इंजिनं नीट ऑइल बदललं तर एवढ्याने दमत नाहीत.

कागद आणि पहिला महिना

दिल्लीकडची गाडी स्वस्त मिळाली म्हणून हुरळू नका. दिल्ली आणि आसपासच्या एनसीआर भागात डिझेल गाड्यांवर दहा वर्षांच्या मर्यादेची टांगती तलवार होती, म्हणून तिथल्या जुन्या गाड्या इकडे येत राहिल्या. फॉर्म २८ वरची एनओसी (तिथल्या आरटीओचं ना-हरकत पत्र), महाराष्ट्रातला रोड टॅक्स पुन्हा भरणं आणि नवीन पासिंग हे सगळं धरून किंमत काढा. बऱ्याचदा स्वस्ताई तिथेच संपते.

महाराष्ट्रातलीच गाडी असेल तर फॉर्म २९ आणि ३० वर विक्रेत्याच्या सह्या घ्या. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. आरसीवरचा बोजा उतरला की नाही हे परिवहन पोर्टलवर स्वतः बघा, एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. राहिलेली ई-चलनं गाडीच्या नंबरवर निघतात. ती विक्रेत्याकडून भरून घ्या. १ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवली आहे का तेही बघा.

विमा १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करायला अर्ज द्या. नो क्लेम बोनस जुन्या मालकाचा असतो, गाडीचा नाही. तो काढून जो हप्ता येईल तोच तुमचा हप्ता. जुन्या मालकाचा फास्टॅग बंद करून आपला नवा घ्या, नाहीतर टोल त्याच्या खात्यातून जात राहील आणि एक दिवस नाक्यावर तुमची गाडी अडेल.

गाडी घरी आली की सर्व्हिस कधी झाली हे विसरून सगळं नव्याने बदला: इंजिन ऑइल, ऑइल-एअर-डिझेल फिल्टर, गिअर ऑइल, हाउसिंगचं ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल, सगळे बेल्ट आणि बॅटरीचे टर्मिनल. ऑटोमॅटिक असेल तर गिअरबॉक्सचं ऑइलही. हेक्सासाठी बाजूला ठेवलेल्या दीड-दोन लाखांतला पहिला खर्च हाच, आणि बुश, लिंक रॉड, क्लच जे निघेल तेही त्यातूनच करा. मग पाचेकशे किलोमीटर घराजवळ फिरा, रोज सकाळी गाडीखाली फरशीवर काही ठिपका पडलाय का बघा आणि कूलंटची पातळी तपासा. फरशी कोरडी राहिली आणि पातळी हलली नाही, की सातही जणांना घेऊन गावाकडे निघायला हरकत नाही.